भुसावळ ४५, पण तू ३७च: अंगातला कूलर चालतो तरी कसा?

एप्रिल अर्धा झाला की आपल्याकडे मोबाईलवर एक ठराविक फोटो फिरायला लागतो, जळगाव ४४, धुळे ४३, भुसावळ ४५, आणि त्याच्याखाली कोणीतरी लिहितोच की सूर्याने भुसावळला प्लॉट घेतला का भो. मोठे हसतात, पुढे पाठवतात आणि परत कूलरसमोर आडवे होतात. पोरं मात्र याच टायमाला एक भारी प्रश्न विचारतात. बाहेर ४५ आहे, मग माझ्या काखेत थर्मामीटर लावलं तर ते ४५ का नाही दाखवत? लोखंडी खाट तापते, गाडीची सीट तापते, पत्रा तर इतका तापतो की हात लावता येत नाही, मग मीच तेवढा का नाही तापत?

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कळलं की उन्हाळ्यात घरचे जे शंभर गोष्टी सांगतात, हे पी, ते खाऊ नको, रुमाल बांध, कांदा ठेव, त्यातलं खरं किती आणि उगीच किती हे तुमचं तुम्हालाच ओळखता येतं. लेख पोरांसाठी आहे, पण मधेमधे मोठ्यांसाठी पण काही सांगितलंय, तेवढं त्यांना वाचायला लावा.

३७ हा आकडा कशाचा?

आपल्या शरीराच्या आतली गरमी, म्हणजे हृदय, मेंदू, पोट, लिव्हर हे सगळं जिथे आहे तिथली, साधारण ३७ अंश सेल्सियस असते. डॉक्टर ज्याला ९८.६ म्हणतात ते हेच, फक्त फॅरनहाईटमध्ये. सकाळी थोडी कमी, संध्याकाळी थोडी जास्त, पळून आलं की अजून थोडी जास्त, पण फिरून फिरून ३७ च्या आसपासच. डिसेंबरात धुळ्याला थंडीने दात वाजतात तेव्हा पण ३७ आणि मे मध्ये रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा पण ३७.

एवढा हट्ट कशाला? तर आपल्या अंगात प्रत्येक सेकंदाला हजारो कामं चालू असतात, जेवण पचवणं, हात हलवणं, आठवण ठेवणं, आणि ही कामं करणारी जी प्रथिनं आहेत ती ठराविक गरमीतच नीट चालतात. आतली गरमी ४० च्या वर जाऊन तिथेच राहिली की पहिला गोंधळ मेंदूत होतो, माणूस भलतंच बोलायला लागतो. म्हणून ३७ सांभाळणं हे शरीराचं चोवीस तासांचं काम आहे, तुम्ही झोपलात तरी चालू.

आणि हो, बातमीतला ४५ हा सावलीतला असतो. हवामान खात्याचं थर्मामीटर पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील असं ठेवलेलं असतं. भर उन्हात क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या डोक्यावर त्याच्यापेक्षा बरीच जास्त गरमी असते.

बाहेरून तर येतेच, पण आतून पण येते

उन्हाळ्यात गरमी फक्त सूर्यच देतो असं वाटतं, पण तुम्ही स्वतः पण गरमी तयार करता. खाल्लेल्या भाकरीचं शरीर जे काही करतं त्यातून काम होतं आणि बाकीची बरीचशी गरमी बाहेर पडते. मोठा माणूस नुसता खुर्चीत बसून मोबाईल बघत असेल तरी त्याच्या अंगातून साधारण १०० वॅट एवढी उष्णता निघत असते. म्हणून तर एका वर्गात ४० पोरं बसवून दारं-खिडक्या लावली की पंखा चालू असला तरी वर्ग तापतो. पळायला लागलं की ही गरमी कितीतरी पटीने वाढते.

मग ही गरमी रोजच्या रोज बाहेर टाकावी लागते, नाहीतर साठत जाणार. थंडीच्या दिवसात अडचण नसते, बाहेर गार आणि आपण गरम, गरमी आपोआप बाहेर निघते. खरी अडचण उन्हाळ्यात. आपली कातडी साधारण ३३ ते ३५ अंशाची असते आणि गरमी नेहमी जास्त गरमकडून कमी गरमकडे जाते. बाहेरची हवाच ४५ ची असली की गिनती उलटी होते, गरमी बाहेर जायच्या ऐवजी हवेतून अंगात यायला लागते. म्हणजे आतून पण भर आणि बाहेरून पण भर.

आता घरातल्या कूलरकडे जाऊन बघा

खान्देशात कूलर नाही असं घर शोधून काढावं लागेल, म्हणून जाऊन नीट बघाच (मोटर बंद करून, प्लग काढून आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन, कूलरला शॉक बसतो, ही गंमत नाही). खाली टाकी, टाकीत पाणी. एक छोटा पंप ते पाणी वर चढवतो. वरून ते पाणी तिन्ही बाजूंच्या गवतावर, वाळ्यावर झिरपत खाली येतं. मागून बाहेरची गरम हवा त्या ओल्या गवतातून आत खेचली जाते आणि पुढे येते ती गार.

तुमच्या अंगात जवळजवळ हेच आहे. टाकी म्हणजे अंगातलं पाणी. पंप म्हणजे हृदय. ओलं गवत म्हणजे तुमची कातडी. एक फरक मात्र मोठा आहे, कूलरचं बटण कोणीतरी उठून दाबावं लागतं आणि त्यावरून घरात भांडणं होतात, शरीराचं बटण आपोआप दाबलं जातं. मेंदूच्या तळाशी एक अगदी छोटा भाग आहे, हायपोथॅलॅमस नावाचा, वजन जेमतेम चार ग्रॅम, तो सारखा रक्ताची गरमी तपासत असतो. किंचित वाढली की लगेच कामाला लागतो.

तो आधी काय करतो तर कातडीच्या खालच्या बारीक बारीक रक्तवाहिन्या रुंद करतो. आतलं गरम रक्त मग जास्त प्रमाणात कातडीपाशी येतं. उन्हातून आल्यावर गाल आणि कान लाल होतात ते यामुळे. हृदयाला आता जास्त रक्त फिरवावं लागतं म्हणून धडधड वाढते, आणि रक्त कातडीकडे वळलं म्हणून पोटाकडे कमी, त्यामुळे भूक मरते. मे महिन्यात दुपारी पोरगं जेवत नाही म्हणून ओरडणाऱ्या आयांनी हे वाक्य परत वाचावं. शेवभाजी रात्री पण छान लागते.

पण बाहेर ४५ असताना रक्त कातडीपाशी आणून पुरत नाही, कारण बाहेर कातडीपेक्षा जास्त गरम आहे. आता एकच रस्ता उरतो, घाम.

घाम आला म्हणून गार वाटतं? नाही, वाळला म्हणून

आपल्या कातडीत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात, ग्रंथी म्हणजे रस तयार करणारा शरीरातला बारीक भाग. तळहात, तळपाय आणि कपाळावर त्यांची जास्त गर्दी. त्या रक्तातलं पाणी आणि थोडं मीठ घेऊन घाम बनवतात आणि बारीक नळीतून वर सोडतात.

बऱ्याच जणांना वाटतं घाम गार असतो म्हणून गार वाटतं. घाम गार नसतोच, तो अंगातूनच आलाय, अंगाएवढाच गरम. गंमत नंतर होते. पाण्याला वाफ होऊन हवेत उडायला गरमी लागते आणि ती गरमी ते पाणी जिथे बसलंय तिथूनच घेतं, म्हणजे तुमच्या कातडीतून. घाम उडतो आणि जाताना गरमी घेऊन जातो. किती घेऊन जातो ऐका: एक लिटर घाम पूर्ण वाळायला जेवढी गरमी लागते तेवढ्या गरमीत माठातलं सात लिटर गार पाणी उकळीला येईल. नुसता फुंकर मारल्यासारखा दिसणारा हा प्रकार खरं म्हणजे एवढा दणकट आहे.

आता करून बघा. एक बोट पाण्यात बुडवा, दुसरं कोरडं ठेवा, आणि दोन्ही पंख्यासमोर धरा. ओलं बोट लगेच गार लागेल, हवा दोघांना सारखीच आहे. मग दुसरा प्रयोग, एका हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि मनगटापाशी रबर सैलसर लावा (पिशवी फक्त हातावर, डोक्यात कधीच घालायची नाही, लहान भावंडाला तर हात पण लावू देऊ नका). पाच-दहा मिनिटं थांबा. पिशवीला आतून धुकं धरेल, हात चिकचिकीत होईल आणि नको नको वाटायला लागेल. घाम तर येतोय, पण वाळायला जागा नाही, पिशवीतली हवा आधीच ओली झालीय, तिला अजून पाणी घेता येत नाही. पिशवी काढल्या काढल्या हात असा गार लागेल की बस.

घाम पुसून पुसून टाकू नका असं म्हणतात त्याचं कारण पण हेच. डोळ्यात जात असेल तर पुसा, पण सारखा सारखा पुसला तर तो वाळून गरमी नेणार कधी?

प्राण्यांचं पण बघण्यासारखं असतं. कुत्र्याला अंगभर आपल्यासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून हाहा करतो, जिभेवरचं आणि तोंडातलं पाणी वाळतं. कावळा झाडावर चोच उघडी ठेवून बसतो तो रागावलेला नसतो, त्याचं पण तेच चालू असतं. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी आणि रंग काळा, त्यामुळे ती डबक्यात बसते आणि उठवली तरी उठत नाही.

"मग मुंबईच्या मावशीला ३४ मध्येच कसं काय उकडतं?"

हा प्रश्न प्रत्येक सुट्टीत निघतो. मावशी म्हणते मुंबईत काय उकडतंय, आणि इकडे मामा हसतो की ३४ ला उकाडा म्हणता, या आमच्याकडे. दोघं पण बरोबर आहेत.

मुंबईला समुद्र आहे, हवेत आधीच भरपूर पाणी आहे, म्हणजे तुमची ती पिशवीतली हवा. घाम येतो, धारा लागतात, पण वाळत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा रखरखीत कोरडी, समुद्र लांब, वर सातपुडा आणि खाली अजिंठ्याचे डोंगर. घाम आला की लगेच उडून जातो, इतका पटकन की घाम आलाय हे पण कळत नाही. म्हणून तर कूलर भुसावळला मस्त चालतो आणि मुंबईत कोणी लावला तर घर नुसतं दमट होऊन बसतं.

हे मोजायची एक पद्धत आहे, थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळायचं आणि त्याच्यावर वारा सोडायचा. जो आकडा येतो तो म्हणजे पाणी वाळवून जास्तीत जास्त किती गार होता येईल तो आकडा. त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. भुसावळला ४५ अंश आणि हवेत १५ टक्के ओलावा असेल तर हे ओल्या फडक्याचं तापमान २४ च्या आसपास येतं. मुंबईत ३४ अंश आणि ७५ टक्के ओलावा असेल तर ३० च्या आसपास. म्हणजे बातमीत भुसावळ अकरा अंशांनी पुढे आणि घाम वाळवायच्या हिशोबात मुंबई सहा अंशांनी वाईट. हे ओल्या फडक्याचं तापमान ३५ ला पोचलं तर धडधाकट माणूस सावलीत नुसता बसला, पाणी पीत राहिला, तरी काही तासांत त्याचं शरीर हरतं असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे, आणि नवीन प्रयोगांत तर त्याच्या खालीच त्रास सुरू होताना दिसलाय.

यावरून भुसावळ सेफ आहे असं मात्र कोणी समजू नये. इथली भानगड वेगळी आहे. घाम पटापट वाळतोय म्हणजे टाकी पटापट रिकामी होतेय, आणि अंग ओलं दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय ऊन थेट अंगावर घेतलं की सगळा हिशोबच बदलतो. आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आधीच्या त्या आठ-दहा दिवसांत, ढग येतात, हवा दमट होते, आकडा ४० च्या खाली येतो पण कूलर काम करत नाही आणि सगळे चिडलेले असतात. माझ्या मते खान्देशातले सगळ्यात वाईट दिवस हेच, ४५ वाले नाहीत.

"पंखा फुल्ल केला की झालं ना?"

हवा कातडीपेक्षा गार असेल तर पंखा उत्तम. पण बाहेर ४३-४४, खोलीवर पत्रा, आणि तुम्ही कोरड्या अंगाने फुल्ल पंख्याखाली, तर पंखा काय करतो? गरम हवा तुमच्या अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० च्या वर असेल तर नुसत्या पंख्याने अंग उलट जास्त तापतं. अंग ओलं करा आणि मग पंखा लावा, ओला नॅपकीन मानेवर टाका, हातपाय-तोंड धुवून न पुसता बसा. गवत कोरडं ठेवून नुसता कूलरचा फॅन चालवला तर जी हवा येते ती सगळ्यांना माहितीय.

कपडे पण तसेच, सुती, सैल, फिक्या रंगाचे. आपल्याकडची म्हातारी माणसं डोक्याला तो मोठा पांढरा रुमाल बांधतात ना, त्याला तोड नाही, ऊन अडतं, हवा जाते आणि ओला करून बांधला तर अजून छान.

टाकी भरायची कशाने?

घाम म्हणजे पाणी आणि मीठ. खात्री करायची असेल तर पळून आल्यावर वरचा ओठ चाटून बघा. किंवा रोज क्रिकेट खेळणाऱ्या एखाद्या दादाची टोपी उलटी करून बघा, आतल्या पट्टीवर पांढरी नक्षी दिसेल, कडक झालेली, नखाने खरवडली की भुकटी पडते. ते घामातलं मीठ, पाणी उडून गेलं आणि ते मागे राहिलं. बोअरच्या पाण्यावर कूलर चालवला की सीझन संपेपर्यंत गवतावर जो पांढरा थर बसतो, तसंच.

म्हणून तासभर खेळलात, साधा घाम गेला, तर पाणी आणि जेवण पुरे आहे, जेवणात मीठ असतंच. पण दिवसभर उन्हात काम, किंवा जुलाब-उलट्या, तेव्हा नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ पण परत गेलं पाहिजे. ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, वरणाचं पाणी हे आपल्याकडे उगीच नाही पीत. घरी आलेल्याला गूळ-पाणी द्यायची पद्धत पण चांगलीच.

आणि जास्तच झालं तर ओआरएस, म्हणजे मीठ-साखर मोजून घातलेलं पाणी. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या आतड्याच्या भिंतीत एक प्रथिन असतं जे मीठ आणि साखर दोघांना सोबतच आत ओढतं, एकट्याला नाही, आणि ते दोघं आत गेले की त्यांच्या मागे पाणी पण जातं. म्हणून पाण्यात मोजून मीठ आणि मोजून साखर टाकायची, बस. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो लोक पळून पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठ-साखरेचं पाणी तयार करून लोकांना पाजलं आणि कितीतरी जीव वाचले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

मेडिकलमधून घेताना एक बघा, पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं पाहिजे, पुडीवर जेवढं पाणी सांगितलंय तेवढंच टाकायचं, अंदाजपंचे नाही. मध्यंतरी गोड सरबतांचे खोके पण ओआरएस नावाने विकले जायचे, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सूत्र न पाळणाऱ्या पेयांना ते नाव लावायला बंदी घातली. बरं झालं, फार आधी व्हायला पाहिजे होतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालं, ओतून द्या.

पुरेसं पाणी पितोय का हे कसं कळणार? लघवीचा रंग बघा. हसू नका, डॉक्टर पण हेच विचारतात. पाणी कमी पडलं की किडनी पाणी धरून ठेवते, लघवी थोडी आणि गर्द पिवळी होते. फिकी पिवळी म्हणजे ठीक. तहान लागायची वाट बघत बसू नका, खेळाच्या नादात ती उशिरा कळते.

उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नको असं घरात सांगतात. एकदम बर्फाचं पाणी घटाघटा प्यायलं तर कपाळात कळ जाते एवढं खरं, पण माठातलं पाणी घोट घोट लगेच प्या, त्याने काही होत नाही, अर्धा तास तहानलेलं बसवण्यात काही अर्थ नाही.

ऊन लागणं म्हणजे ताप येणं नव्हे

हा भाग मोठ्यांनी वाचायचा. ताप येतो तेव्हा अंगात जंतू शिरलेले असतात आणि हायपोथॅलॅमस स्वतःच ठरवतो की आज ३७ नको, ३९ ठेवू. म्हणून तापात थंडी वाजते, आपण पांघरूण मागतो. पॅरासिटामॉल ते ठरवलेलं परत खाली आणतं. ऊन लागतं तेव्हा मेंदूने काही ठरवलेलं नसतं, त्याला ३७च पाहिजे असतं, फक्त गरमी बाहेर काढणं जमत नाहीये. त्यामुळे तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, गोळी देऊन वाट बघण्यात वेळ जातो.

सुरुवातीला डोकं दुखतं, चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप घाम, गळून गेल्यासारखं. सावलीत आणा, आडवं करा, अंग ओलं करा, पाणी-मीठ-साखर द्या, बहुतेक वेळा तासाभरात बरं वाटतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, हाक मारल्यावर नीट ओ देत नाही, झटके आले, बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात, आतली गरमी ४० च्या वर गेलेली असते. अंगावर घाम असला काय नसला काय, त्यावर जाऊ नका. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

बाळांना जास्त का जपायचं?

बाळ लहान असतं पण त्याच्या वजनाच्या मानाने कातडी मोठ्या माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे गरम हवेतून गरमी पटकन आत शिरते. घाम पण कमी सुटतो, आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, उन्हाळ्यात पण आईचं दूधच, फक्त जास्त वेळा. बंद गाडीत तर पाच मिनिटं पण ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत साधारण दहा अंश वाढतात.

घामोळ्यांचं थोडक्यात: घामाच्या बारीक नळीचं तोंड बुजतं आणि घाम कातडीखाली अडकतो. गार पाण्याने अंघोळ, सैल कपडे, पावडरचे थर देऊ नका.

घोळणा फुटणं, म्हणजे नाकातून रक्त येणं, हे आपल्याकडच्या पोरांना उन्हाळ्यात ठरलेलं. कोरड्या हवेने नाकाची आतली कातडी सुकते, तिच्याखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, बोट घातलं किंवा जोरात शिंकरलं की फुटतं. सगळे डोकं मागे करायला लावतात, ते चुकीचं, रक्त घशात जातं आणि उलटी होते. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, दहा मिनिटं न सोडता, तोंडाने श्वास. थांबलं नाही किंवा सारखंच होत असेल तर डॉक्टर.

"आणि खिशातला कांदा?"

खिशातला कांदा गरमी ओढून घेत नाही. त्याला तसं करायला काही कारणच नाही, तो पण तुमच्यासारखाच तापतो. भाकरीसोबत खा, त्यात पाणी असतं, चव येते. आजीने खिशात घातला तर भांडू नका, राहू द्या, फक्त कांदा आहे म्हणून भर दुपारी पतंगाच्या मागे पळू नका.

"आमचे जिभाऊ तर दिवसभर शेतात असतात, त्यांना काही होत नाही"

होतं, पण कमी, आणि त्याला कारण आहे. रोज थोडं थोडं उन्हात राहिलं की आठवडा-दोन आठवड्यांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं, अंगातलं रक्ताचं पाणी वाढतं, हृदयाला ओढ कमी बसते. केळीच्या बागेत जन्म गेलेल्या माणसाचं शरीर फेब्रुवारीपासून हळूहळू तयार होत आलेलं असतं, आणि त्यात जिभाऊ पहाटे जातात, अकरा-साडेअकराला परत येतात, दुपारभर कडुलिंबाखाली असतात, हे आपण सांगताना विसरतो.

एसीत किंवा गार गावात राहणाऱ्या पोराचं तसं नसतं. तो आखाजीला (अक्षय तृतीयेला) मामाकडे येतो, उतरल्या उतरल्या झोके, नदी, क्रिकेट, आणि तिसऱ्या दिवशी आडवा. त्याच्यात काही कमी नाही, त्याच्या घामाच्या ग्रंथींना अजून खबर लागलेली नाही. अशा पाहुण्या पोरांना पहिले आठ-दहा दिवस सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच बाहेर सोडायचं, वेळ हळूहळू वाढवायची. दुपारी पत्ते, कॅरम, आमरस. आणि पोरांनो, त्याला शहरातला नाजूक म्हणून चिडवू नका, डिसेंबरात तुम्ही महाबळेश्वरला गेलात की कुडकुडायची पाळी तुमची.